दादाच्या पिस्तुलातली ओलसर दारू

रविवार, संध्याकाळ

दादाच्या ठासणीच्या पिस्तुलाची दारू सकाळी मीच गुपचूप ओलसर केली. वाटलं, बार उडणार नाही, एखादं भेकरू हरीण वाचेल, चोरट्या शिकारीपायी दादाही तुरुंगात जायचा नाही.

ठाकुरवाडीच्या वरच्या रानात भेकरू समोर आलं. दादानं चाप ओढला, पण नुसताच फुसका आवाज आला. "काय झालं रं याला?" म्हणत त्यानं नळी डोळ्यासमोर धरली. मी त्याचा हात झटकला आणि तेवढ्यात आत धुमसत राहिलेल्या ओलसर दारूचा बार उडाला! गोळी झाडात घुसली, भेकरू पळालं. पण दादाचा डोळा... नळीपासून वीतभरही लांब नव्हता.

घरी दादा वहिनीला म्हणाला, "आज हा हाय म्हणून मी हाय."

आता खरं कसं सांगू? डोळे मिटले की दादाचा तो डोळाच दिसतो. वहिनीनं रडत माझे हात धरले. मी ते धरू दिले.