मानेत सुई

३ ऑक्टोबर
आज पुन्हा! अंगण झाडताना मानेतून वीज निघाली ती थेट डाव्या डोळ्यामागे. झाडू टाकून भिंत धरली. सासूबाई खिडकीतून — "सूनबाई, भिंत पडत नाहीये. सोड तिला!"

५ ऑक्टोबर
झोकीरचा मॉस्कोहून फोन. म्हटलं, डॉक्टरला दाखवू का? "आईला विचार." लग्न झाल्यापासून नवरा तिकडे बांधकामावर, संसार फोनवर.

९ ऑक्टोबर
सासूबाई स्वतःच फर्गाना शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेल्या. काळजीने नव्हे — माझं ढोंग उघडं पाडायला! डॉक्टरीणबाईंनी कवटीखाली एक जागा दाबली आणि मी किंचाळलेच. म्हणाल्या, "नस स्नायूत आवळलीय. वाकलं की ओढली जाते. दिवसभर एवढं वाकून करता तरी काय?"

काय सांगणार! सकाळी घरातल्या प्रत्येकाला सलाम. पाहुणा आला, सलाम. शेजारीण मीठ मागायला आली तरी कमरेत वाकून सलाम. आमच्याकडे सुनेचं कामच ते.

मानेत सुई दिली, नस बधिर करणारी. टोचताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग सगळं थंड. डोकं इतकं हलकं झालं की रडूच आलं. असर काही आठवडे राहील. परत दुखलं तर परत सुई, नाहीतर शस्त्रक्रिया करून नस मोकळी करायची. आणि महिनाभर वाकायचं नाही. "म्हणजे सलामही नाही?" सासूबाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं.

१० ऑक्टोबर
"आमची सून आता राणीसाहेब! मान वाकवायची नाही, डॉक्टरचा हुकूम आहे!" — सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या. "सलामाने नस आवळत असती, तर या गल्लीतल्या बायका कधीच मान मोडून पडल्या असत्या." सगळ्या खो खो हसल्या.

मी वाकण्याऐवजी छातीवर हात ठेवून ताठ उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुखलं नाही.

१९ ऑक्टोबर
थोरले चुलत सासरे आले. मी वाकले नाही. ते चहा न घेताच गेले. सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "उद्यापासून वाकायचं. नाहीतर माहेरी जाऊन ताठ उभी राहा."

झोकीरला फोन केला. "आईचं ऐक ना गं. माझं नाक कापू नकोस."

२० ऑक्टोबर
वाकले.

२ नोव्हेंबर
वीज परत आली. पलाव-भाताच्या कढईपाशीच उलटी झाली. सुई मागितली — "नाही." शस्त्रक्रियेचं नाव काढलं — "डोकं भादरलेली सून मिरवू घरात? लोक थुंकतील!" माझ्या आईला सांगून उपयोग नाही. तीही म्हणेल, आम्ही नाही का सोसलं?

आयुष्यभर असंच? त्यापेक्षा मेलेलं बरं. नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाहीये. खरंच वाटतं.

६ नोव्हेंबर
दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. दार लावून घेतलं. वाटलं, आता माहेरची वाट दाखवणार. त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि माझं बोट धरून स्वतःच्या मानेवर ठेवलं. नेमकी तीच जागा! जरा दाबलं तर कळवळल्या.

रुमाल पुन्हा बांधला. मग म्हणाल्या, "झोकीर पोटात होता तेव्हापासून आहे. सुई फार दुखते का गं?"