भिंतीवरचं पाणी

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, त्या पाण्याच्या कापडाचं काय झालं, आणि मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतंच. फोनवर सांगायला गेलं की असंच काहीतरी निमित्त काढते, म्हणून लिहायला बसलेय. बसलेय कसली, दोनदा उठून आले.

कापड झालं. हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीबाहेर टांगलंसुद्धा. काम देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, इथे बसणाऱ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो, समोर पाणी असलं तर जरा बरं वाटेल. तू हसशील. जिला तू भिंगरी म्हणायचीस, जिनं दोन घास कधी एका जागी बसून खाल्ले नाहीत, तिनं म्हणे लोकांना शांत करायचं.

रोज सकाळी तळ्यावर जाऊन रंग उतरवत होते. पहिला नमुना निळाशार निघाला, काचेसारखा सपाट. विणकरकाका माग थांबवून म्हणाले, "सुरेख आहे, पण झोप येते." मी तो भिंतीशी धरून बघायला हॉस्पिटलात नेला. बाकावर एक गृहस्थ एकटेच बसले होते, ओळखीचे. त्यांना विचारलं, कसं वाटतं? बराच वेळ बघून ते म्हणाले, "हे पाणी हलतच नाही गं. इकडे आपण मिनिट मिनिट मोजतोय, आणि भिंत आपली ढिम्म. राग येतो तिचा. पाणी हलू दे, फक्त त्याला घाई नको."

मी तडक मागावर आले. काकांना म्हटलं, आडवे धागे एकसारखे ठोकू नका. कुठे जाड सूत घ्या, कुठे बारीक, कुठे सैल सोडा. "जन्मभर घट्ट विणायला शिकलो, आता म्हातारपणी बिघडवा," असं कुरकुरत त्यांनी विणलं. राखाडी, हिरवट, मधूनच पांढरी रेघ. खिडकीतला उजेड बदलला की कापड हळूच सरकल्यासारखं दिसतं. टांगलं त्या दिवशी एक बाई पिशवीचा बंद सारखा पिळत होत्या. बघता बघता त्यांचा हात थांबला. मी मात्र उभीच. बस म्हटलं तरी बसवेना.

ताई, बाकावरचे ते गृहस्थ म्हणजे आपले भावोजी. त्या दिवशी ते तपासणीला आले होते, त्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. लेकीची परीक्षा संपेपर्यंत तुला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. परीक्षा संपली, पण त्यांचं "आज सांगतो, उद्या सांगतो" काही संपेना. सोमवारी ते दौऱ्यावर जाणार म्हणून तू बॅग भरते आहेस ना? दौराबिरा काही नाही. सकाळीच त्यांना आत घेणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, ऑपरेशन मोठं आहे, पण माणसं यातून बरी होऊन घरी जातात. भावोजी माझ्यावर चिडतील, चिडू देत. हे पत्र काकांच्या हाती देतेय. वाचून आधी एकदा रडून घे, त्यांच्यासमोर नको. मग त्यांच्या बॅगेत तुझेही दोन कपडे टाक.

तुझीच,
धाकटी