चांदीच्या पाण्याखालची लाल ओळ

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत मी तुमच्याशी मनात सुद्धा धड बोलले नाही. आज बोलते आहे, कारण मंगळवारी तुमचा एक विद्यार्थी माझ्या वॉर्डात आला आणि त्याच्या खिशातून तुम्ही बाहेर पडलात. आई आत पडली आहे. रविवार आहे, दुपार आहे, एटापल्लीत या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून उभ्याउभ्याच लिहिते आहे, कारण बसले की राग खाली बसतो असा माझा अनुभव आहे आणि मला तो आज बसवायचा नाही.

वनरक्षक आहे तो. इथून आत बरंच दूर त्याची नेमणूक आहे. बायको तेंदूपत्ता तोडायला गेली होती, तुटक्या खुंटाचं टोक नडगीत घुसलं. गाडीवर मागे बसवून तिला घेऊन आला तेव्हा तिचा पाय गुडघ्यापर्यंत सुजून तापला होता आणि ती अर्धवट बडबडत होती. मी विचारलं, किती दिवस झाले? म्हणाला, "आठ दिवस झाले सिस्टर. पण बिनाइलाज नाई ठेवलं. चांदीचं पाणी लावून राह्यलो. पाजून बी राह्यलो." आणि पिशवीतून बाटली काढली. मी ती बाटली हातात घ्यायच्या आधीच ओळखली. खाली बसलेला तो राखाडी गाळ मी आयुष्यभर विसरणार नाही. मी विचारलं, कोणी शिकवलं तुला हे? तर मोठ्या अभिमानाने म्हणाला, "आमच्या पोंभुर्ण्याच्या सायन्सच्या सरांनी."

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली, बाबा. त्याच्या बायकोच्या देखत, सगळ्या वॉर्डासमोर, मी त्याला जे बोलले ते नर्सने बोलायचं नसतं. तुझी अक्कल कुठे गहाण पडली होती, म्हटलं. बाई मेली असती तर त्या सरांना उठवून आणलं असतं का, म्हटलं. त्यातलं एकही वाक्य त्याच्यासाठी नव्हतं, हे त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

तुम्ही कसे होतात, हेच मला आठवत बसावं लागतं. गावात कुणाला ताप आला की अंगारा लावायला येणाऱ्या बुवाला तुम्ही भर चौकात अडवत होतात. "मले पुरावा दाखव," म्हणायचात. विहारात दर रविवारी वंदना झाली की पंधरा मिनिटं विज्ञानावर बोलायचात आणि म्हाताऱ्या बायासुद्धा ऐकत बसायच्या. नववीत तुम्ही मला वर्गात शिकवलंत. काचेचा पेला, दोन तारा, एक बल्ब. साध्या पाण्यात बल्ब लागत नाही, चिमूटभर मीठ टाकलं की लागतो. मी टाळी वाजवली होती आणि तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला वाटलं, या माणसाला जगातलं सगळं माहीत आहे. तेच माझं चुकलं.

निवृत्तीनंतर कुठल्याशा शिबिराला गेलात आणि कागद घेऊन आलात. चांदीच्या दोन तारा, तीन चौकोनी बॅटऱ्या, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, झालं औषध. हगवणीपासून जखमेपर्यंत सगळ्यावर. तारा कुठून आणायच्या? आईच्या पायात लग्नातले दोन भरीव तोडे होते. तुम्ही एक मागितलात, तिने काढून दिला. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, सोनाराने त्याच्या तारा ओढून दिल्या. दागिन्याच्या चांदीत तांबं असतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. तारांवर हिरवट थर धरायचा, तो तुम्ही बोटाने पुसायचात आणि पुन्हा तारा पेल्यात सोडायचात. पाणी लवकर होईना म्हणून त्यात मीठ टाकलंत, नववीच्या वर्गात टाकायचात तसंच. पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं, उन्हात ठेवलं की काळवंडायचं. तुम्ही म्हणायचात, "पाहा, चांदी उतरून राह्यली." बत्तीस वर्षं विज्ञान शिकवणारा माणूस पेल्यासमोर शाळेतल्या पोरासारखा बसलेला असायचा, आणि मला तेव्हा ते गोड वाटायचं. रोज दोन चमचे स्वतः घ्यायचात. शेवटी शेवटी तुमची नखं निळसर राखाडी झाली होती, चेहऱ्याचा रंग शिळ्या राखेसारखा झाला होता. विचारलं तर म्हणायचात, "ऊन हाय, दुसरं काय."

धानाच्या रोवणीचे दिवस होते. आई बांधीत उतरली होती, चिखलात बाभळीचा काटा टाचेत मोडला. साखर होती तिला, दुखलंच नाही. तुम्ही तुमचं पाणी काढलंत. सकाळ-संध्याकाळ धुणं, दोन चमचे पोटात. पाचव्या दिवशी मी सुट्टीवर आले. तेव्हा माझी नोकरी भामरागडला होती, नवी होती. घरात शिरल्याबरोबर मला वास आला. मी म्हटलं, बाबा, चंद्रपूरला नेऊ. ओसरीवर शेजारचे दोघं-तिघं चहा घेत बसले होते. तुम्ही त्यांच्याकडे पाहून हसलात आणि म्हणालात, "मीच शिकवलेली पोरगी आता मलेच सायन्स शिकवून राह्यली." सगळे हसले. मी कप उचलून आत गेले. बाराव्या दिवशी आईला चंद्रपूरला न्यावं लागलं, आणि घोट्याच्या वरून तिचा पाय काढला.

त्यानंतर तुम्ही काय केलंत? काहीच नाही. पेला, बॅटऱ्या, तारा एका खोक्यात घालून माळ्यावर टाकल्यात. एक शब्द बोलला नाहीत. आईला नाही, मला नाही. तिच्या काठीला खालून रबर बसवून दिलंत, तिला नहाणीत न्यायचात, भाकरी जमत नव्हती तरी थापायचात. मी वाट बघायचे. प्रत्येक सुट्टीला वाटायचं, आज म्हणतील, चुकलं माझं. दोन शब्द, बाबा. वर्गात फळ्यावर चुकलं तर लगेच पुसून "माझी चूक" म्हणणारे तुम्ही. दोन वर्षांनी विहारातून येताना रस्त्यात बसलात ते उठलाच नाहीत आणि मी ते दोन शब्द ऐकायची राहिले ती राहिलेच.

आई अजून उरलेला तोडा उरलेल्या पायात घालते. मी कितीदा म्हटलं, काढून ठेव, बघवत नाही. ती म्हणते, "त्याईनं एक मागतला तं एक देला. हा नाई मागतला. मग कायले काढू?" तिच्या बोलण्यात राग शोधून शोधून मी थकले. तिला तुमचा राग कसा येत नाही, याचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग येतो.

तर मंगळवारी सलाईन लावून, इंजेक्शनं देऊन, त्या बाईला अँब्युलन्समध्ये घालून गडचिरोलीला पाठवताना मी त्या वनरक्षकाला म्हटलं, दाखव तो कागद. त्याने पाकिटातून काढला. लॅमिनेशन करून ठेवला होता त्याने. तुमचं अक्षर, निळ्या शाईत, एक दोन तीन करून कृती. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखी, लाल शाईत एक ओळ. आमच्या वह्या तपासायचात त्याच पेनाने असणार. "जखम तीन दिवसांत सुकली नाही तर लगेच दवाखान्यात न्यावे. वाट पाहू नये. माझ्याकडून ही चूक झाली आहे."

मी विचारलं, हे कधी लिहिलं? तो म्हणाला, "सर तं देतच नव्हते. सोडून देलं म्हणत होते. मीच म्हटलं, माही पोस्टिंग जंगलात हाय, दवाखाना कुठी हाय तिथी? तवा वहीतून हा कागद काढला, लाल पेन घेतला न् माह्यासमोर खाली लिहिलं." मग ही ओळ वाचली नाहीस का, म्हटलं. मान खाली घालून म्हणाला, "वाचली होती. पण सरांचं पाणी होतं ना सिस्टर."

एका परक्या पोराला तुम्ही लिहून दिलंत! घरात बायको काठी टेकत फिरत होती, मुलगी दर सुट्टीला तुमच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते दोन शब्द तुम्ही कागदावर लिहून जंगलात पाठवून दिलेत. मला तो कागद फाडावासा वाटला, पण प्लास्टिक फाटत नाही. मी तो त्याच्याकडून मागून घेतला. काल त्याचा फोन आला होता, बायकोचा पाय वाचेल म्हणून डॉक्टर म्हणाले.

कागद पाच दिवस माझ्या पर्समध्ये आहे. आईला दाखवलेला नाही. तिला वाचून दाखवलं तर ती मान हलवेल आणि मग माझ्याकडे बघेल. त्या दिवशी मी कप घेऊन आत आले तेव्हा ती इथे नाही, पोंभुर्ण्याच्या स्वयंपाकघरात, पाय पाटावर ठेवून मेथी निवडत बसली होती. तिने हळूच विचारलं होतं, "तू नर्स हायेस. त्याईचं सोड, तू सांग. जाऊ का मी चांद्याले?" तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं मला दिसत होतं. बाहेरचं हसणं अजून माझ्या कानात होतं. मी म्हटलं, बाबा म्हणतात तसं कर. आणि दोनची गाडी पकडून भामरागडला निघून गेले.

आत्ता आई उठली आहे. काठीचा आवाज आला. दारात उभी राहून विचारते आहे, "कोणाले लिहून राह्यली एवढं?" मी पानावर हात आडवा धरत म्हटलं, दवाखान्याचं आहे.