लाकडी स्पीकरमधली आई

५ जुलै, शुक्र.
भट्टीचा ब्लोअर बंद झाला तरी कानात चालूच. आईचा मेसेज तीनदा लावला. लिहिता येत नाही म्हणून बोलूनच पाठवते, गावाकडनं, थोरल्या भावाच्या, अण्णाच्या फोनवरून. या फोनात आई, अण्णा, बातम्यावाली बाई, सगळ्यांचा आवाज एकच. पत्र्याचा. आई खरी कशी बोलते तेच आठवंना झालंय. चांगला स्पीकर घ्यायचाच.
संभाला सांगितलं. माझ्यासंगं सोनं गाळतो, एकाच खोलीत ऱ्हातो. म्हणतो, "वरात काढतोस का रं?"

७ जुलै, रवि.
इथल्या मंडी मोहल्ल्यात स्पीकरची दोन दुकानं पाहिली. खालच्या मजल्यावरचे रामराव शिंपी संगं आले. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, मराठी अर्धी कन्नड. दुकानदारानं गाणं लावलं, काचा हादरल्या. रामराव म्हणाले, "बेडप्पा, नको बाबा, गाणं नको. गाण्याला सगळेच डबे चांगले. घरच्या माणसाचं मातु, बोलणं लाव, मग कळतंय."
आईला लावलं. एकात पाण्याच्या टाकीत बसून बोलल्यागत. दुसऱ्यात नाकातनं. दुकानदार हसला. मला नाही आलं हसू.

१४ जुलै, रवि.
मिळाले. जुने, लाकडी, एका कोपऱ्याची कपची उडालेली. लावलं आणि आई दुकानातच. "जेवलास का लेकरा", अगदी दारातनं हाक मारल्यासारखं. रामरावांनी उडालेल्या कपचीवरनं बोट फिरवलं. मग म्हणाले, "घे. ह्यात माणूस बोलतोय."

१५ जुलै, सोम.
खोलीवर जोडले. आवाज आईचाच. पण मधे मधे घरघर. वाटलं स्पीकर फाटलाय, फसलो. वायर काढून परत लावली. संभाचा आवाज फोनात भरून लावला, साफ. परत आई. घरघर तिच्याच दोन शब्दांमधे. "मी बरी हाय" म्हणायला दोनदा श्वास घेती. आणि मागनं अण्णा, एकदम हळू, "खोकू नगंस, जरा थांब."
संभा उठून बाहेर गेला.

१६ जुलै, मंगळ.
अण्णाला फोन.
"आई आजारी हाय का?"
"कोण म्हणलं तुला?"
"तीच म्हणली."
पलीकडं दार ओढल्याचा आवाज. मग, "तिनंच सांगू दिलं न्हाई. तू येऊन काय करणार हाईस? तिथंच ऱ्हा."
दवाखान्यात दाखवलं का विचारलं. हूं म्हणाला. नुसतं हूं.

१९ जुलै, शुक्र.
भट्टीच्या मालकाला, दादांना, सुट्टी मागितली. दादा आमच्याच गावचे. "वरमहालक्ष्मी तोंडावर आलीय, सराफ रांग लावून उभे. सण होऊ दे, मग जा."
तोवर आई, एवढंच म्हणलं.
"अरं, मेसेज येतोय न्हवं? बोलतीय न्हवं? मग?"

२१ जुलै, रवि.
जुने मेसेज एकेक करून स्पीकरवर लावले. दिवाळीचा साफ. संक्रांतीच्यात घरघर आहे. बारीक, पण आहे. तवापासनं ही घरघर खिशात घेऊन फिरतोय, आणि रोज तिला सांगतोय, ऐकलं गं, ऐकलं.
जेवलो नाही.

२३ जुलै, मंगळ.
नवा मेसेज. नेहमीपेक्षा लहान. फोनवरच लावला. बरी हाय म्हणाली. जेवलास का म्हणाली. पत्र्याचा आवाज, बाकी काही नाही.
स्पीकरची वायर पुढ्यातच पडलीय. संभा म्हणतो, "लाव की त्याच्यावर."
लावतो म्हणलं. मघापासनं तेच म्हणतोय.