शेजारच्या सीटचा ब्रेक

३ फेब्रुवारी, सोमवार

उजवा पाय पुन्हा आखडला. ड्रायव्हिंग क्लासची गाडी, शेजारची सीट, पायाखाली मास्तरांसाठीचा जादा ब्रेक — उभं आयुष्य तिथंच गेलं. शिकणारे चुकतात, मी दाबतो. डॉक्टर म्हणाले हाडं ठणठणीत आहेत, ताण साठलाय, मोकळा करून घ्या. नाहीतर शिकवणं बंद! हिने लगेच अंग मोकळं करून देणाऱ्या एका बाईंचा पत्ता पुढे केला. आधीच काढून ठेवलेला असणार.

६ फेब्रुवारी

बाईंना मी मनातल्या मनात हळूबाई म्हणतो. मला वाटलं होतं, तेलबिल लावून चांगलं रगडतील. कसलं काय! कपड्यांनिशीच टेबलावर आडवं केलं, पायाखाली दोन्ही हात घातले आणि बसून राहिल्या. मग पाय जरासा उचलून झुलवायला लागल्या.

"वजन माझ्या हातात सोडा."

"सोडलंय की."

"नाही हो. तुम्हीच उचलून धरलाय. मला मदत करताय."

त्यांनी हात काढून घेतले. पाय तसाच अधांतरी! तेवढ्यात खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न मारला आणि पायाने हवेतच ब्रेक दाबला. दोघंही हसलो. मी जरा ओशाळून.

११ फेब्रुवारी

लेकीशी खडाजंगी. तीन तासांवरच्या शहरात नोकरी लागली आहे. आपली गाडी घेऊन जाणार, तिथं हॉस्टेलवर राहणार म्हणते. लायसन्स आहे, हातही चांगला आहे. पण ती चालवायला लागली की माझा पाय खालची चटई दाबत बसतो. घरच्या गाडीत जादा ब्रेक कुठला?

"बाबा, मी रस्त्याकडे बघू की तुमच्या पायाकडे?"

मी म्हणालो, ज्या दिवशी माझा पाय दाबला जाणार नाही, त्या दिवशी खुशाल जा.

"शब्द?"

"शब्द."

हा पाय कसला सुटतोय! निवांत जेवलो.

१३ फेब्रुवारी

आज टाच हळूबाईंच्या तळहातात, बस्स. "काही करू नका." काही न करणं इतकं अवघड असतं?

२० फेब्रुवारी

पाय सुटला. कसा ते सांगता येणार नाही. हळूबाई झुलवत होत्या, मी छताच्या पंख्याकडे बघत होतो, आणि एकदम पाय भिजलेल्या सतरंजीसारखा जड झाला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुखत तर काहीच नव्हतं! "येऊ द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी तरंगतच आलो. दारात लेकीची चप्पल दिसली आणि दिलेला शब्द आठवला. पाय सुटला म्हणजे पोरगी चालली.

२५ फेब्रुवारी

हळूबाईंकडे गेलो नाही. क्लास आहे म्हणून थाप मारली. जिना चढताना पुन्हा कळ आली, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

ही मागून येत होती. "तुम्हाला पाय बरा व्हायलाच नकोय ना?" म्हणाली. हिच्यापासून काही लपत नाही.

२७ फेब्रुवारी

गेलो. हळूबाईंना सांगून टाकलं — पोरगी जाईल म्हणून भीती वाटते. उपदेश करतील असं वाटलं होतं.

"पाय द्या," म्हणाल्या.

दिला.

२ मार्च, रविवार

लेक म्हणाली, "चला, नुसतं हॉस्टेल बघून येऊ." ती स्टिअरिंगवर, मी शेजारी. शहराबाहेरचा पूल आठवतो. पुढचं काही नाही — वळणं नाही, ट्रक नाही. जाग आली तेव्हा गाडी उभी होती. चपला खाली, माझे दोन्ही पाय वर सीटवर, मांडी घातलेली. कधी घातली कोण जाणे.

"बाबा, उठा. माझं हॉस्टेल आलं."