ब्लेडच्या बदल्यात वही

३ नोव्हेंबर
सकाळपासून करंट अकरा. तोंड धुताना दोन, चहाला तीन, बाकीचे उगाच. काही केलं नाही, नुसता बसलो होतो, तरी. उजव्या कानाच्या पुढून निघतो, डोळ्याखालून वरच्या ओठापर्यंत. बॅटरीची दोन्ही टोकं कुणीतरी हिरडीला लावतंय. शालन म्हणते, मोजतास कित्याक? बायकोचं काय जातंय म्हणायला.
खिडक्या बंद. देवगडात राहून वाऱ्याला भिणारा मी एकटाच असेन. आवशीक खाव त्या वाऱ्याच्या.
गाडीचं काम: बॉनेट घासलं. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा बरा वळला, पण मधला उठाव काही येत नाही. नांदगावच्या गॅरेजात तीस वर्षं खऱ्या गाड्यांचे पोचे काढले आणि या वीतभर अँबॅसिडरपुढे हात टेकायची वेळ.

५ नोव्हेंबर
दाढी केली. डावीकडची. उजवीकडे वस्तरा टेकवायची हिंमत नाही, तिथे तीन महिन्यांचं रान. आरशात दोन माणसं दिसतात.
गिअरचा गोळा सुरू केला. ज्या गाडीची ही नक्कल, त्या सासऱ्यांच्या गाडीला स्टिअरिंगजवळ गिअर होता, त्याला पिवळट पांढरा गोळा. प्लॅस्टिक लावून बघितलं, नाही जमलं. मग डबीतली दाढ काढली. गेल्या वर्षी हे दातांचंच दुखणं म्हणून मी हट्टाने तीन दाढा उपटून घेतल्या. दातांचा डॉक्टर बिचारा सांगत होता, दात चांगले आहेत हो. ऐकतोय कोण. दाढा गेल्या, दुखणं जागच्या जागी.
घासली तर रंग अगदी तोच.
शालन: "शी! बाबांच्या गाडयेत तुमचो दात?"
हसलो. हसल्याचा एक करंट.

७ नोव्हेंबर
बोलणं बंद. जीभ हलली की वीज. जेवण म्हणजे पातळ पेज, तीही डाव्या बाजूने, मान वाकडी करून. जे काय हवं ते वहीत लिहून शालनला दाखवायचं, असं ठरलं.
दुपारी विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. बराच वेळ. वारा नव्हता. एकदाचं थांबलं तर किती बरं होईल. एवढंच वाटत होतं, दुसरं काही नाही. पुढे लिहीत नाही.

८ नोव्हेंबर
घात झाला. "पेज. कोमट. मीठ कमी." एवढं लिहून वही शालनपुढे धरली आणि वरचा कालचा मजकूर झाकायचा राहिला. पेज लिहायला नवीन पान घ्यायची अक्कल नाही मला.
तिने वाचलं. सगळं. मग आत गेली, पेज आणली, समोर ठेवली. मीठ बरोबर होतं. पेज संपेपर्यंत समोरून हलली नाही.

९ नोव्हेंबर
ब्लेडचा डबा नाही. कटर नाही. स्वयंपाकघरातली विळीसुद्धा कुठे लपवली देव जाणे. शालनने दिगूला बोलावून विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. दिगू माझा गॅरेजातला भागीदार, इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना आवशी-बापाशीवरून बोललोय, पण आज जाळी ठोकताना माझ्याकडे बघेना.
मी शालनला लिहून दाखवलं, ब्लेडशिवाय दाराच्या काचा कशाने कापू?
"दात आसत ना काढून ठेवलेले, तेनी कापा."
आणि मग रडली. पदर तोंडात घालून. मी रडलो नाही, रडताना गाल हलतो.

१० नोव्हेंबर
तह झाला. सकाळी एक ब्लेड मिळणार. दिवेलागणीला ब्लेड परत आणि वहीही तिच्या हातात. रोज वाचणार. "चोरून वाचूचंय नाय, तुमच्यासमोर बसान वाचतलंय."
लिहिलं, वही खाजगी असते.
"आणि जीव? तो पण खाजगी काय तुमचो?"
डाव्या दाराची चौकट कापली. करंट चौदा.

१३ नोव्हेंबर
गोव्याला जाऊन आलो. दिगूची गाडी, काचा वर, मी मधल्या सीटवर कुबड काढून. डॉक्टर तरुण आहे, शांत बोलतो. म्हणाला, मेंदूतून चेहऱ्याकडे येणाऱ्या नसेवर एक रक्तवाहिनी चढून बसली आहे, प्रत्येक ठोक्याला घासते, नसेचं वरचं वेष्टण गेलं आहे. मला एकदम कळलं. वायरिंगवर पाईप घासून शॉर्ट होतोय. इलाज पण तोच, मधे काहीतरी घालायचं. फक्त त्यासाठी कानामागे कवटीला भोक पाडावं लागतं.
बहुतेकांचं थांबतं, म्हणाला. उजवा कान जाऊ शकतो. क्वचित त्याहून वाईट. क्वचित म्हणताना माझ्याकडे न बघता शालनकडे बघितलं त्याने.
उजवा कान! मी पत्र्यावर बोट वाजवून सांगतो आत लांबी, म्हणजे पुट्टी, किती भरलीय आणि पत्रा किती उरलाय. ते याच कानाने.
तीन डिसेंबर दिलीय. घरी येऊन मी लिहिलं, देवाचा कौल घेतल्याशिवाय डोक्याला हात लावू देणार नाही. उजवा पडला तर जाईन, डावा पडला तर नाही.
खरं सांगू? देवावर ढकललं. भितो मी. शालन, संध्याकाळी वाचशीलच, तर वाच.

१४ नोव्हेंबर
वाचलं. "माका म्हायती होता," म्हणाली, आणि ब्लेड घेऊन गेली.

१७ नोव्हेंबर
डॉक्टरने गोळ्या वाढवल्यात. करंट सहा. पण एका गाडीच्या दोन गाड्या दिसतात आणि हात थरथरतो. बंपर वाकडा गेला, फेकून दिला. म्हणजे दुखणं कमी तर काम नाही, काम करायचं तर दुखणं. आज सकाळची गोळी अर्धीच घेतली. (शालन, ओरडू नको.)
दुपारी रंग. सफेदीत पिवळ्याचा थेंब, तपकिरीचा टोकभर. तिला बोलावलं.
"असो नव्हतो. ह्यो श्रीखंडाचो झालो."
एक थेंब काळा टाकला.
"अजून. बाबांची गाडी खंय इतकी धुतलेली असायची? खारेपाटण ते देवगड सगळो धुरळो."
आणखी अर्धा थेंब. "बस. ह्योच." आणि मग बराच वेळ त्या डबीतच बघत राहिली.
सासरे टॅक्सी चालवायचे. गाडीला पोचा आला म्हणून नांदगावला आणली, तेव्हा ही मागच्या सीटवर मांडीवर फणस घेऊन बसलेली. फणस मी उतरवून घेतला. लग्न त्या फणसाने जमवलं असं ती चारचौघांत सांगते. गाडी पुढे भंगारात गेली, सासरे गेले. फोटो एकच, त्यात निम्मी गाडी. म्हणून ही वीतभर गाडी. तिला पुरी करून द्यायचीय, एवढं एकच काम उरलंय माझं.

१८ नोव्हेंबर
ओरडली. गोळी पूर्ण, तिच्यासमोर, तोंड उघडून दाखवून.

२१ नोव्हेंबर
देवळात गेलो. म्हणजे देवळाच्या दारापर्यंत. वारा असा सुटलेला की गाडीचं दार उघडताच एक करंट बसला, डोळ्यांपुढे अंधार. "तुमी हयच बसा," शालन म्हणाली, आणि ती न् दिगू आत गेले.
काचा बंद करून बसलो. देवळातला मानकरी घाडी देवाला गाऱ्हाणं घालत होता ते पुसट ऐकू येत होतं. माझं नाव आलं, दुखण्याचं आलं, आणि प्रत्येक वाक्यामागे सगळ्यांचं "व्हय म्हाराजा". मलाही म्हणायचं होतं. ओठ हलवले आणि भोगलं. सगळ्यांत मोठा आवाज शालनचा होता.
किती वेळ गेला कुणास ठाऊक. कौलाला देवाच्या अंगावर उजवीकडे-डावीकडे ओल्या पाकळ्या लावतात, त्यातली कुठली आधी गळून पडते त्याची वाट बघायची. बाहेर बसून मी सीटचं रेक्झिन नखाने कुरतडलं.
शालन आली. पदर सावरला, शेजारी बसली. "उजवो पडलो."
दिगू मागाहून आला आणि सरळ रस्त्याकडे बघत गाडी सुरू केली.

२३ नोव्हेंबर
देवाने सांगितलं, आता माझ्या हातात काही नाही, असं म्हणून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत. पण काम होतंय. मागची काच बसली. दोन्ही नंबर प्लेट छापून, पाण्यात भिजवून सरकवल्या. ओला कागद पत्र्यावर टेकवताना कौलाच्या पाकळीची आठवण झाली. बोट दाबून धरलं, सुकेपर्यंत सोडलं नाही. करंट नऊ.

२६ नोव्हेंबर
वहीत लिहीत नाही हे. पॉलिश पेपरच्या पाठीवर लिहितोय.
दिगू गाडी बघायला आला. हातात घेऊन फिरवली, वाजवून बघितली, खूष झाला. आणि म्हणतो, "डावो पडलो तरी जातंस मरे तू! धीर आसा तुझो."
माझं तोंड बघून त्याला कळलं. गाडी खाली ठेवली, चपला शोधायला लागला. आत शालन नारळ खवत होती, तो आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.
देवाचं खोटं सांगितलं हिने. देवाचं! देव नको म्हणतोय आणि ही मला डोकं उघडायला पाठवते. संताप आला, दात आवळले, आणि मग काय विचारता. एकामागून एक. मोजणं सोडलं. जमिनीवर गाल टेकवता येईना, उचलता येईना. शालन धावत आली, जवळ बसली, हात लावला नाही. हात लावायचा नसतो हे तिला शिकवावं लागलं नाही.
मी मेलो तर? देवाने अडवलं असताना पाठवलंस, हे शालन स्वतःला जन्मभर ऐकवेल. आणि नाही गेलो तर ती जाळी किती दिवस राहणार विहिरीवर. मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. नाही सहन होत आता. नाहीच होत.

२७ नोव्हेंबर
बंपर नवीन केला. बसला.

२८ नोव्हेंबर
काल संध्याकाळी शालन वही वाचून म्हणाली, "आजचा इतक्याच? कालचा तर कायच नाय."
मान हलवली.
"दिगू काय बोललो?"
लिहून दाखवलं, रंग आवडला म्हणाला.
माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. ब्लेड न घेताच आत गेली. मीच नेऊन दिलं.

१ डिसेंबर
उद्या पहाटे निघायचं. शालनने पिशवी भरली. सकाळी माझ्यासमोर अख्खा ब्लेडचा डबा आणून ठेवला. "घेवा. आज मागूचंय नाय." डबा बंदच ठेवला, एकच काढलं, नेहमीसारखं.
गिअर बसवला. दाढेचा गोळा त्यावर. शेवटचा क्लिअर कोट मारला, तोंडाला टॉवेल न बांधता, कारण टॉवेलनेही करंट बसतो. वास चढला. गाडी झाली. आरसा तेवढा राहिला, एका बाजूचा.
पॉलिश पेपर वहीत चिकटवलाय, मागच्या पानावर. शालन, आधी तो वाच.
वाचलास? डावा पडला हे मला सव्वीसपासून ठाऊक आहे. रागावलो होतो, आता नाही. देवासमोर एवढ्या मोठ्याने व्हय म्हाराजा म्हटलंस आणि बाहेर येऊन त्याचंच मोडलंस, तुझी काय दशा झाली असेल. आणि मी गाडीत रेक्झिन कुरतडत बसलेलो.
माझं काही बरंवाईट झालं तर तू स्वतःला खात बसशील. म्हणून माझ्या अक्षरात लिहून ठेवतो: कौल डावा होता हे माहीत असून मी गेलो. तू पाठवलं नाहीस. मी गेलो.
भीती आहेच. फार आहे.
गाडीला उद्यापर्यंत हात लावू नको, क्लिअर ओला आहे. दिवे लावायची वेळ झाली. ब्लेड आणि वही घेऊन आत येतोय.