शनिवारी येताना घरची भांडी आण

वेळणेश्वर, बुधवार

तीर्थरूप अव्वा, तुला शिवप्रियाचा नमस्कार, शरणु शरणार्थी.

आप्पा बरे आहेत. त्यांना समुद्राची हवा मानवते. फोनवर बोललं की ते ऐकत बसतात, म्हणून परंड्याला निघालेल्या योगीराजदादांच्या हाती हे पत्र देते. तुझा गुडघा कसा आहे?

शनिवारी येताना घरचा तवा, दोन पातेली, आप्पांचं ताट आणि काळं तिखट आण. भाड्याच्या घरात भांडी मिळतात, म्हणून मी आपली आणलीच नाहीत. त्यात मासे शिजत असतील, हे डोक्यात आलं नाही.

सोमवारी लिंगपूजा झाल्यावर आप्पा म्हणाले, "ह्यातलं म्या कसं खाऊ? मला भूक न्हाय." शुगरची गोळी घेऊन ते दोन केळ्यांवर राहिले. संध्याकाळी त्यांचे हात थरथरू लागले. इथं जवळपास भांड्यांचं दुकान नाही. मी इथलंच पातेलं तीनदा घासलं, नवं मागवलंय असं सांगितलं आणि भात वाढला. ते पोटभर जेवले.

आता ते पातेलं तुझ्यासाठी घरी न्यायचं म्हणतात.

शनिवारी जेवणाआधी मी त्यांना खरं सांगणार आहे. तेव्हा तू माझ्या शेजारी उभी राहा.

तुझी,
शिवप्रिया